बोर्डात पहिला

५ ऑगस्ट २००४. वानाका, न्यूझीलंड

जीन्सच्या आत कचऱ्याच्या दोन काळ्या पिशव्या घालून आज बर्फात गेलो. कल्पना सईची. बर्फात बसलं की जीन्स भिजते आणि बर्फाचे खास कपडे भाड्याने घ्यायची आपली ऐपत नाही. चालताना चुरचुर आवाज येतो. दोन गोरी पोरं वळून बघायला लागली, तेव्हा मी आपला डोंगराची शोभा बघत उभा राहिलो.

सई ठाण्याची. ऑकलंडला नोकरी करते, महिन्याची रजा काढून पाठीवर पिशवी टाकून फिरतेय. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मी डाळीला फोडणी देत होतो, वासावर आली. तिला स्नोबोर्ड येतं. म्हणजे साधारण इस्त्रीच्या टेबलाएवढी फळी असते, तिच्यावर दोन्ही पाय पट्ट्यांनी आवळायचे, आडवं उभं राहायचं आणि उतारावरून घसरत यायचं. हॉस्टेलच्या मागच्या खोपटात कुणीतरी टाकून दिलेली एक फळी मिळाली. बूट दोन नंबर मोठे, आत तीन मोजे. वर नेणाऱ्या पाळण्याचं तिकीट परवडत नाही, म्हणून फळी खांद्यावर घेऊन चढायचं आणि घसरत उतरायचं. मी उतरलो तो बसूनच. सत्तावीस वेळा पडलो, मग मोजणं सोडलं.

पोलादपूरच्या माणसाला डोंगर उतरता येईना! बाबांना कळलं तर काय म्हणतील? पण बाबांना कळणार कुठून. बाबांना वाटतंय मी ऑकलंडला वर्गात बसलोय.

७ ऑगस्ट

एकदा लिहूनच टाकतो. हॉटेल मॅनेजमेंटच्या डिप्लोम्यात मी जूनमध्ये नापास झालो. पाचातल्या तीन विषयांत. मास्तर भरभर इंग्रजी बोलायचे, मी मान हलवायचो. परत बसायची सोय होती. बसलो नाही. कॉलेज सोडून दिलं आणि बस पकडून दक्षिणेला आलो. घरी जायचं तोंड नव्हतं आणि ऑकलंडात राहायचा धीर नव्हता. व्हिसा ऑक्टोबरपर्यंत आहे. तोवर काहीतरी सुचेल म्हणतो. गेले दोन महिने हेच म्हणतोय.

सकाळी हॉस्टेलचे संडास घासतो, चादरी बदलतो, त्या बदल्यात खाट फुकट. आज घासताना हसू आलं. बाबा एकतीस वर्षं पोलादपूरच्या शाळेत हेच करतायत. घंटा देणं, वर्ग झाडणं, सरांचा चहा, ऑफिसातला फोन उचलणं. 'माज्या पोराच्या हातात झाडू नको' म्हणून त्यांनी मला इतक्या लांब पाठवलं. आणि पोरगा इथे ब्रश घेऊन बसलाय.

दुपारी सईने विचारलं, "तुझे बाबा काय करतात रे?"

"शाळेत आहेत."

"अरे वा, सर! कोणता विषय?"

तेव्हाच सांगायचं होतं. मी म्हटलं, "सगळेच. शाळा लहान आहे ना."

हात्तिच्या! 'शिपाई' हा तीन अक्षरी शब्द तोंडातून निघत नाही म्हणजे काय? ती काय हसली असती? नसती हसली. म्हणून तर जास्त लाज वाटते.

१० ऑगस्ट

सहावा दिवस. सई म्हणते पडताना हात पुढे टाकू नकोस, मनगट मोडेल. बसून पड. सावरायला जाऊ नकोस, पडतोयस तर सरळ पड. मला ते जमत नाही. पडणारच आहे हे कळल्यावरसुद्धा मी शेवटपर्यंत उभा असल्याचं सोंग करतो, आणि मग तोंडावर आपटतो. डावं मनगट सुजलंय.

संध्याकाळी सईला नापास झाल्याचं सांगितलं आणि ठरवलं, घरीही खरं सांगून टाकायचं. उभं राहायला जमलं की त्याच दिवशी फोन करायचा. आधी ती चांगली बातमी, मग नापास झाल्याची. गोड आधी, कडू मागून.

१३ ऑगस्ट

उभा राहिलो! नवव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, टाचांकडची कड बर्फात रोवून, शिकाऊ उताराच्या वरून खालपर्यंत. एकदाही न पडता. सई खालून ओरडत होती, "दीप्या, गुडघे वाकव!" तिने फोटो काढले. खाली आल्यावर मी वेड्यासारखा रडलो.

आणि त्यानंतर जे केलं ते लिहितो.

साडेपाचला फोनचं कार्ड घेऊन बूथमध्ये गेलो. तिकडे अकरा वाजलेले, शाळा भरलेली. आमच्या घरी फोन नाही, शाळेच्या ऑफिसात लावला. बाबांनीच उचलला. लाईनीत खरखर, माझा आवाज मलाच परत ऐकू येत होता.

"बाबा, मी दीपेश! आज बोर्डावर पहिल्यांदा उभा राहिलो!"

"काय? जोरात बोल रे!"

"बोर्डावर! पहिल्यांदा!"

बाबांची सवय अशी की फोनवर ऐकलेलं मोठ्याने परत म्हणायचं, ऑफिसात बसलेल्यांना कळावं म्हणून. ते ओरडले, "बोर्डात पयला?"

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मुख्याध्यापक श्रीधर सरांचा, "काय सांगतोस गोमाजी! दीपेश बोर्डात पहिला?"

आमच्याकडे बोर्ड म्हणजे एकच. दहावी-बारावीचं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आलेल्या पोराला 'बोर्डात आला' म्हणतात आणि गाव त्याला म्हातारा होईपर्यंत ओळखतं. शाळेच्या व्हरांड्यात गुणवंतांचा मोठा काळा फलक आहे. त्यावर दरवर्षी पहिल्या आलेल्याचं नाव पांढऱ्या ऑईलपेंटने लिहितात. लिहिणार कोण? बाबा. त्यांचं अक्षर छाप्यासारखं. एकतीस नावं त्यांच्या हातची आहेत, सगळी दुसऱ्यांच्या पोरांची. मला दहावीला चोपन्न टक्के होते. त्या वर्षी बाबांनी एका डॉक्टरच्या मुलीचं नाव लिहिलं होतं आणि मी खाली रंगाचा डबा धरून उभा होतो.

"दीपेश," बाबांचा आवाज एकदम खाली आला, "खरा काय रे?"

आणि मी म्हटलं, "हो."

कार्ड संपलं म्हणून फोन कटला असं लिहिणार होतो. कार्ड संपलं नव्हतं. मी ठेवला.

१४ ऑगस्ट

काल सई बूथच्या बाहेरच उभी होती. बाबांनी काय ऐकलं ते तिला सांगितलं. आधी पोट धरून हसली. "बोर्डात पहिला! अरे देवा!" मग माझं तोंड बघून थांबली. "तू सांगितलंस ना त्यांना नंतर, कसला बोर्ड ते?"

"सांगेन."

"आत्ता सांग. जा."

"आत्ता ऑफिसात सगळे सर बसलेत. उद्या अर्धी शाळा, परवा रविवार."

"मग सोमवारी. ते स्वतः सर आहेत, नापास झालेली पोरं त्यांना काय नवीन आहेत? समजून घेतील."

आज सकाळी ती पुढे निघाली. गाडी पकडायच्या आधी तिने माझा पत्ता लिहून घेतला. फोटो धुवून पाठवते म्हणाली. मी इथे किती दिवस असेन ठरलेलं नाही, म्हणून पोलादपूरचाच दिला, बाबांच्या नावाने.

सोमवारी फोन केला नाही. (हे मंगळवारी लिहितोय.)

१० ऑक्टोबर. पोलादपूर

घरी आलो. व्हिसा संपला, दुसरं काय. एसटीतून उतरलो तर स्टँडवर बाबा, धाकटी बहीण सेजल आणि शाळेतले दोन सर. गळ्यात झेंडूचा हार. मी म्हटलं, "कशाला हे?" एक सर म्हणाले, "वा, अंगी नम्रता आहे!" कप्पाळ माझं.

आमची वाडी आंबेनळीच्या रस्त्याला, वर डोंगराच्या कुशीत. आईने उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला. आजूबाजूच्या चार बायका जमल्या होत्या. आईला बोर्ड म्हणजे काय ते नीट कळत नाही, पण पयला म्हणजे काय ते कळतं. "ठमाबाईचा पोर पयला आला गो," असं त्या म्हणत होत्या आणि आई पदराने डोळे पुसत होती.

बाबा वाळलेत. माझ्याकडे बघतात आणि लगेच दुसरीकडे बघतात. अभिमानाने असेल.

सूज उतरली तरी डावं मनगट अजून दुखतं. बाबांनी विचारलं, "कसा लागला?" म्हटलं, "पडलो." म्हणाले, "हं. पडतो माणूस." आणि तेल तापवून आणलं.

१६ ऑक्टोबर

बाबा येत्या ३० तारखेला रिटायर होतायत. त्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. श्रीधर सरांनी निरोप समारंभ ठरवलाय आणि त्यातच माझा सत्कार. फलकावर माझं नाव आधी लिहून ठेवायचं आणि त्या दिवशी त्यावरचा कपडा काढायचा. सर म्हणाले, "शिपायाचा मुलगा परदेशी बोर्डात पहिला! पोरांपुढे याहून मोठा आदर्श कुठला? आणि तेवढी मार्कशीट आण रे, फाईलला लावू."

"पोस्टाने येतेय सर," मी म्हटलं. किती सहज येतं तोंडात!

घरी आल्यावर सेजल म्हणाली, "दादा, एक जाड पाकीट आलाय न्यूझीलंडवरना. गणपतीच्या आधीच आला. बाबांनी पेटीत ठेवलाय."

कॉलेजचं पत्र! नापास झाल्याचं कळवलं असणार. मग लक्षात आलं, बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, आणि सेजलला त्यांनी पाकिटाला हात लावू दिलेला नाही. म्हणजे वाचलो. पण ते फाडून टाकायला हवं. पेटीची किल्ली सतत बाबांच्या कमरेच्या करगोट्याला असते.

२२ ऑक्टोबर

आज सांगणार होतो. बाबांबरोबर गवत कापायला वरच्या माळावर गेलो. गुडघ्याच्या वर गवत, उतार असा की माझे पाय सटकत होते. बाबा डोक्यावर भारा घेऊन अनवाणी आडव्या पावलांनी उतरत होते, टाच रोवून, गुडघे वाकवून. हुबेहूब सई शिकवायची तसं. मी बघतच राहिलो. नऊ दिवस आपटून जे शिकलो ते हा माणूस साठाव्या वर्षी डोक्यावर ओझं घेऊन करतोय.

अर्ध्या उतारावर बाबा थांबले. "दीपेश, तुला काय सांगायचा हाय काय?"

"नाही. का?"

"असाच इचारला."

त्यांनी डोक्यावरचा भारा नीट केला आणि परत टाच रोवली.

२९ ऑक्टोबर

आज मी जे केलं त्यापुढे फोनवरचा 'हो' काहीच नाही.

शाळा सुटल्यावर बाबांनी व्हरांड्यात स्टूल मांडलं, रंगाचा डबा उघडला, ब्रश रॉकेलमध्ये धुतला. फलकावर खडूने रेघा आखून ठेवल्या होत्या. श्रीधर सरांनी कागदावर मजकूर दिला होता: दीपेश गोमाजी उतेकर, न्यूझीलंड बोर्ड, प्रथम, २००४. मी डबा धरला, तसाच, दहावीच्या वेळेसारखा.

बाबा स्टुलावर चढले. ब्रश रंगात बुडवला, निथळला, फलकापाशी नेला. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग खाली उतरले.

"माजा चष्मा सापडत नाय. तूच लिव."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता, काडी बाहेर दिसत होती. वयाने विसरतात हल्ली. मी सांगितलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तूच लिव. तुजा नाव हाय."

मी चढलो. खाली बाबा स्टूल धरून उभे. वर एकतीस नावं, बाबांच्या अक्षरात, सगळी खरी. आता सांग, आता सांग, असं मनात म्हणत मी 'दीपेश' लिहिलं. 'गोमाजी' लिहिताना हात थांबला. बाबांनी स्टूल घट्ट धरलं. मग 'उतेकर'. मग बाकीचं. 'प्रथम' मधला प्र जरा फेंगडा आला.

खाली उतरलो. बाबांनी वर बघितलं, फार वेळ बघितलं.

"अक्षर बरा हाय," म्हणाले. आणि त्यावर कपडा टाकला.

माझ्याइतका हलकट माणूस तालुक्यात नसेल.

३० ऑक्टोबर

सगळं जसं झालं तसं लिहितो.

पटांगणात मांडव. टेबलावर शाल, श्रीफळ, बाबांना द्यायचं भिंतीवरचं घड्याळ. बाबा नवा पांढरा सदरा घालून स्टेजवर खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. एकतीस वर्षं त्या खुर्च्या त्यांनी उचलल्या, टेकून बसायची सवय नाही. खाली पहिल्या रांगेच्या मागे आई आणि सेजल.

श्रीधर सर बोलायला उठले. वाटलं बाबांबद्दल बोलतील. सन त्र्याहत्तरपासून एक दिवस घंटा चुकली नाही, पुरात गुडघाभर पाण्यातून येऊन शाळा उघडली, असं काही. त्यातलं काही नाही. "गोमाजी म्हणजे कोण? तर दीपेशचे वडील!" टाळ्या. पुढे वीस मिनिटं मीच. न्यूझीलंड, जिद्द, परिस्थितीवर मात. बाबा पायांच्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांचा निरोप समारंभ मी खात होतो, घास घास करून, सगळ्यांदेखत.

मग फलकावरचा कपडा काढला. टाळ्या. मग "दीपेश दोन शब्द सांगेल."

माईकपाशी गेलो. आठवीतली एक मुलगी आधीच हात वर करून उभी. "दादा, पयला यायला रोज किती तास अभ्यास केलास?" हातात वही उघडी, पेन तयार. मी जे सांगेन ते ती लिहून घेणार होती.

सावरायला जाऊ नकोस. पडतोयस तर सरळ पड.

"मी पहिला आलो नाही," म्हटलं. "नापास झालो. तीन विषयांत. मग कॉलेज सोडलं."

कुणाला काही कळेना. माईक कुईं करून ओरडला.

"फोनवर बोर्ड म्हणालो, तो बर्फातली घसरायची फळी. तिच्यावर पहिल्यांदा उभा राहिलो, एवढंच. बाबांना वाटलं बोर्डात आलो. मी हो म्हटलं. त्यांची चूक नाही. ते नाव पण मीच लिहिलंय काल, त्यांनी नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "घसरायची फळी!" आणि हसू फुटलं. आधी चार पोरं, मग सगळी. श्रीधर सरांचा चेहरा पांढरा पडला. एक सर उठून म्हणाले, "ही काय चेष्टा आहे? गोमाजी, तुला ठाऊक होतं का रे हे?" सगळी शाळा बाबांकडे वळली. आईकडे बघायची माझी छाती झाली नाही.

बाबा उठले. मला वाटलं माझ्या थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. ते माझ्याजवळून गेले, स्टेजच्या पायऱ्या उतरले, सरळ व्हरांड्यात गेले, आढ्याला टांगलेल्या लोखंडी घंटेपाशी. हातोडी घेतली.

टण टण टण टण टण. शाळा सुटल्याची लांब घंटा.

ती घंटा ऐकल्यावर पोरांना देवसुद्धा थांबवू शकत नाही. दप्तरं उचलून सगळी धावत सुटली. सर "अरे थांबा, बसा" ओरडतायत, मांडवाचा एक खांब कलला, दोन मिनिटांत पटांगण रिकामं. हसायला कुणी उरलंच नाही. टेबलावर शाल, श्रीफळ, घड्याळ तसंच. बाबांचा सत्कार व्हायचाच राहिला होता.

घड्याळात अकरा दहा झाले होते. शाळा साडेअकराला सुटते. एकतीस वर्षांत बाबांनी घंटा एक मिनिटही आधी दिली नव्हती.

त्यांना माझी इतकी लाज वाटली की समारंभ मोडून टाकला. काय चूक त्यांची?

३१ ऑक्टोबर

सकाळी मी एकटा शाळेत गेलो, रॉकेल आणि चिंधी घेऊन. माझी ओळ पुसली. रंग ओलसरच होता, निघाला, पण तिथे एक भुरकट पट्टा राहिला. श्रीधर सर क्वार्टरमधून आले. शाल, श्रीफळ आणि घड्याळ एका पिशवीत घालून माझ्या हातात दिलं, आणि जाता जाता म्हणाले, "त्याला सांग, घंटा बरोबर होती."

घरी पिशवी बाबांपुढे ठेवली. आई कालपासून माझ्याशी बोललेली नाही. ती बाबांना म्हणाली, "वीस मिंटा आधी कशाला दिलीत ओ घंटा? शाल तरी घेतली असती अंगावर."

"येळ झाली व्हती," बाबा म्हणाले.

मग करगोट्याची किल्ली काढून त्यांनी पेटी उघडली आणि ते जाड पाकीट माझ्यासमोर टाकलं. फोडलेलं होतं. कॉलेजचं नव्हतंच. सईचं अक्षर, मराठीत. आत माझे फोटो: पडतानाचे सहा, उभा राहिलेला एक. आणि बाबांना पत्र. 'काका, दीपेशने एव्हाना नापास झाल्याचं सांगितलं असेलच. तो तुम्हाला फार घाबरतो, पण नवव्या दिवसापर्यंत रोज उठून उभा राहिला. रागावू नका.'

पाकिटावर पत्ता होता: श्री. गोमाजी उतेकर सर, यांस.

गणपतीच्या आधीपासून. म्हणजे स्टँडवरच्या हाराच्या वेळी त्यांना माहीत होतं. माळावर माहीत होतं. परवा स्टूल धरून उभे होते तेव्हाही. पायाखालची जमीन शेणाने सारवलेली होती, तिच्याकडे बघत बसलो.

बाबांनी उभा असलेला फोटो उचलला, चष्मा लावला, लांब धरून बघितला. "गुडघं बरोबर वाकलंत," म्हणाले. मग पाकिटावरच्या 'सर' वर बोट ठेवलं.

"पोस्टमन हासत व्हता. म्हणाला, गोमाजी, तू सर कदी झालास? मी सांगितला, तिकडं शिपायाला पन सर म्हणतात." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "म्हणतात ना रे?"

'हो' तोंडात आला होता.

"नाही म्हणत, बाबा," मी म्हटलं. "मीच तिला खोटं सांगितलं. तुम्ही शिपाई आहात म्हणायची लाज वाटली मला."

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत खिशात ठेवला. बराच वेळ लागला त्यांना.

"बरा," म्हणाले. "पोस्टमनला सांगू नको."